वेल्डिंग मशीनला एक्स्टेन्शन लावायचंय? वायर दीडची, अडीचची की चारची, ते असं ठरतं

मे महिन्याचा शेवटचा आठवडा म्हणजे फॅब्रिकेशनवाल्यांचा सीझन. पाऊस तोंडावर आलेला असतो आणि प्रत्येकाला पत्र्याचं शेड, गॅलरीचं ग्रिल, पार्किंगचं गेट पावसाच्या आत हवं असतं. वेल्डर येतो, गाडीवरून मशीन उतरवतो आणि पहिला प्रश्न विचारतो, "पॉइंट कुठंय?" पॉइंट असतो किचनमध्ये, काम असतं गच्चीवर. मग घरातली एक्स्टेन्शन बाहेर निघते. तीच, जिच्यावर गणपतीत लायटिंगच्या माळा लागतात आणि एरवी टेबल फॅन.

पुढं दोनपैकी एक गोष्ट होते. एकतर रॉड सारखा चिकटतो, आर्क धरत नाही आणि वेल्डर लाइटीला शिव्या घालतो. किंवा काम अगदी व्यवस्थित होतं, फक्त वायर हाताला चांगलीच गरम लागते. लोकांना वाटतं दुसरी गोष्ट बरी. खरंतर जास्त धोक्याची तीच आहे. ते कसं, आणि मग वायर किती जाडीची घ्यायची, हे जरा नीट समजून घेऊ.

मशीनवर २०० लिहिलंय, म्हणजे नक्की काय?

बाजारात सगळ्यात जास्त खपतं ते २०० अँपिअरचं इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन. सूटकेसएवढं, खांद्याला अडकवून नेता येणारं. हे २०० अँपिअर मशीन भिंतीतल्या पॉइंटमधून ओढत नाही. तो आकडा आउटपुटचा, म्हणजे रॉडकडं जाणाऱ्या करंटचा आहे. तिथं करंट भरपूर असतो, पण व्होल्टेज अगदी कमी, २० ते ३० च्या दरम्यान. भिंतीच्या बाजूला उलटं असतं. व्होल्टेज २३० आणि करंट त्या मानानं कमी. एक्स्टेन्शनची वायर ठरते ती या भिंतीच्या बाजूच्या करंटवर.

तो किती, हे बघायला मशीनच्या मागची किंवा बुडाची प्लेट वाचायची. तिथं इंग्रजी आय अक्षराला १ लावून दोन आकडे दिलेले असतात, एकापुढं मॅक्स आणि दुसऱ्यापुढं इफ असं लिहिलेलं असतं. मॅक्स म्हणजे मशीन पूर्ण ताकदीनं चालताना ओढेल तेवढा करंट. इफ म्हणजे मधली विश्रांती धरून वायरीला सरासरी जेवढा सोसावा लागतो तो. वेल्डिंग सलग चालत नाही. रॉड बदलायचा, स्लॅग झाडायचा, पुढचा अँगल धरायचा. ६० टक्के ड्युटी सायकल म्हणजे दहा मिनिटांत सहा मिनिटं आर्क. मॅक्स ३० असेल आणि ड्युटी सायकल ६० टक्के, तर इफ साधारण २३ येतो. वायर किती तापेल हे इफ सांगतो, व्होल्टेज किती पडेल हे मॅक्स सांगतो. दोन्ही लागतात.

प्लेट घासून गेली असेल तर रॉडवरून अंदाज बांधता येतो. स्वस्त इन्व्हर्टरचा पॉवर फॅक्टर ०.७ च्या आसपास धरला तर हिशोब असा येतो: बारा नंबर रॉड, म्हणजे अडीच एमएमचा, ८० अँपिअरवर चालवला तर भिंतीतून साधारण १४ अँपिअर जातात. दहा नंबर, म्हणजे ३.१५ एमएमचा रॉड ११० वर चालवला तर २० अँपिअर. आणि आठ नंबर, म्हणजे ४ एमएमचा रॉड १६० वर चालवला तर ३१ अँपिअर. घरगुती ग्रिल आणि शेडचं बहुतेक काम बारा आणि दहा नंबरवरच उरकतं.

जुनं ट्रान्सफॉर्मरवालं मशीन, जे दोघांनी मिळून उचलावं लागतं, त्याची गोष्ट वेगळी. त्याचं ओपन सर्किट व्होल्टेज ८० असेल आणि तुम्ही १५० अँपिअरवर वेल्डिंग करत असाल, तर २३० व्होल्टवर ते ५२ अँपिअरच्या आसपास ओढतं. म्हणून तर असलं मशीन चालू झालं की अख्ख्या वाड्याचे बल्ब मिचकायला लागतात. हीच मशीन दोन फेजवर, म्हणजे ४१५ व्होल्टवर लावली तर करंट २९ वर येतो. घरच्या सिंगल फेज पॉइंटवर हे मशीन लावायचंच नाही, मग एक्स्टेन्शन कितीही जाड असो.

गेज आणि एमएमचा घोळ

यूट्यूबवर अमेरिकन वेल्डर सांगतो, "दहा गेजची केबल घ्या." ते ऐकून कोणी हार्डवेअरच्या दुकानात जाऊन दहा गेज मागितली की दुकानदार रॉडचा पुडा पुढं ठेवतो. कारण आपल्याकडं गेज रॉडला आणि पत्र्याला चालतो. वायर आपण स्क्वेअर एमएममध्ये घेतो, आणि बोलताना नुसतं "दीडची", "अडीचची", "चारची" म्हणतो. हा आकडा तांब्याच्या छेदाचं क्षेत्रफळ असतो. रॉडसारखा व्यास नाही, वरचं प्लास्टिक तर नाहीच नाही.

गेजमध्ये आकडा वाढला की वायर बारीक होते, एमएममध्ये आकडा वाढला की जाड. अमेरिकन १४ गेज म्हणजे साधारण २.१ स्क्वेअर एमएम, १२ म्हणजे ३.३, १० म्हणजे ५.३ आणि ८ म्हणजे ८.४. शिवाय तिकडं वेल्डिंगचा पॉइंट बहुतेक वेळा २४० व्होल्टचा आणि ५० अँपिअरचा वेगळा काढलेला असतो. त्यांच्या व्हिडिओतला सल्ला आपल्या १६ अँपिअरच्या पॉइंटला जसाच्या तसा लावून चालत नाही.

जुने वायरमन अजून "तीन-बावीस", "सात-बावीस", "सात-वीस" म्हणतात. तो ब्रिटिश गेज. बावीस गेजच्या सात तारा म्हणजे २.८ स्क्वेअर एमएम, वीस गेजच्या सात तारा म्हणजे ४.६. त्यामुळं कोणी सात-बावीस म्हणाला तर अडीचची आणि सात-वीस म्हणाला तर चारची समजायची.

वायरीला दोन परीक्षा पास व्हाव्या लागतात

पहिली परीक्षा तापण्याची. कोणतीही तांब्याची वायर थोडाफार विरोध करते आणि त्या विरोधाची उष्णता होते. थ्री कोर फ्लेक्सिबल केबलमध्ये दीडची वायर साधारण १५ अँपिअर, अडीचची २०, चारची २७ आणि सहाची ३५ अँपिअर सोसते. कंपनीनुसार हे आकडे थोडे इकडंतिकडं होतात, त्यामुळं पाकिटावरचा किंवा कंपनीच्या तक्त्यातला आकडा अंतिम. आणि हे सगळं वायर मोकळी पसरलेली असताना.

दुसरी परीक्षा लांबीची, आणि लोक नापास होतात ते इथंच. दुकानदाराला सांगितलं जातं, "२० अँपिअरला चालेल अशी द्या." तो अडीचची देतो. पाच मीटरला ती ठीक आहे. तीच ५० मीटर घेतली तर मशीनपर्यंत पोचता पोचता १६ व्होल्ट वाटेत संपलेले असतात. अँपिअर तेवढेच, वायर तीच, नुसती लांबी वाढली.

हे मोजायला इंजिनिअर लागत नाही. मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर होतं:

मीटरमधली लांबी × अँपिअर × ०.०४ ÷ वायरीचा स्क्वेअर एमएम = वाटेत पडणारे व्होल्ट

जाणारी आणि येणारी अशा दोन्ही तारा यात धरलेल्या आहेत, त्यामुळं लांबी एकाच बाजूची घ्यायची. घरातून गच्चीवर न्यायची ३० मीटरची एक्स्टेन्शन आणि दहा नंबर रॉडचे २० अँपिअर घेऊ. दीडच्या वायरीत १६ व्होल्ट पडतात, अडीचच्या वायरीत ९.६, चारच्या वायरीत ६ आणि सहाच्या वायरीत ४.

किती पडलेले चालतात? एक्स्टेन्शनमध्ये ३ टक्क्यांच्या आत ठेवावं, म्हणजे २३० मधले सुमारे ७ व्होल्ट. कारण मीटरपासून पॉइंटपर्यंतच्या घरातल्या वायरिंगमध्येही थोडे पडतातच. ७ ची मर्यादा धरली की सूत्र उलटं फिरवता येतं: लांबी गुणिले अँपिअर गुणिले ०.०४, भागिले ७. आलेल्या आकड्याच्या वरची जी वायर बाजारात मिळते ती घ्यायची. ३० मीटर, २० अँपिअरला उत्तर येतं ३.४, म्हणजे चारची वायर. २० मीटर, १४ अँपिअरला १.६, म्हणजे अडीचची. ३० मीटर आणि आठ नंबर रॉडचे ३१ अँपिअर असतील तर ५.३, म्हणजे सहाची. ५० मीटर आणि ३१ अँपिअर असतील तर थेट दहाची वायर लागते, आणि तिची किंमत ऐकल्यावर बहुतेक जण मशीनच पॉइंटजवळ आणायचा विचार करतात. तो विचार बरा की वाईट, ते पुढं बघू.

या उत्तरानंतर तापण्याची परीक्षा पुन्हा तपासायची. दहा मीटरला २० अँपिअर टाकले तर सूत्र सांगतं १.१, म्हणजे दीडची चालेल. पण दीडची वायर १५ अँपिअरलाच थकते. तिथं अडीचचीच घ्यायची, आणि दिवसभराचं काम असेल तर चारची. दोन्हींपैकी जी जाड निघेल ती खरी.

वायर बारीक असूनही काम कसं काय होतं?

जुन्या ट्रान्सफॉर्मर मशीनला व्होल्टेज कमी मिळालं की आर्क लगेच कमजोर व्हायचा. वेल्डरला कळायचं. इन्व्हर्टर मशीन हुशार आहे. व्होल्टेज पडलं तर ते जास्त करंट ओढून रॉडकडची ताकद कायम ठेवायला बघतं. २३० वर २० अँपिअर घेणारं मशीन १९५ व्होल्टवर त्याच कामासाठी जवळपास २४ अँपिअर घेतं. करंट वाढला की वायरीत आणखी व्होल्ट पडतात, मग मशीन आणखी ओढतं. गावात, डीपीपासून लांबच्या वस्तीवर, जिथं संध्याकाळी मुळातच व्होल्टेज कमी असतं, तिथं हे रोज होतं. बाहेरून सगळं छान चाललेलं दिसतं आणि सगळा भार मधल्या वायरीवर जातो.

तो भार किती? वरच्याच उदाहरणात, आर्क चालू असताना ३० मीटरच्या दीडच्या वायरीत ३२० वॉटच्या आसपास उष्णता तयार होते. चारच्या वायरीत तीच १२० वॉट. मोकळ्या जमिनीवर पसरलेली असेल तर हवेत निघून जाते. पण अर्धी वायर ड्रमवर गुंडाळलेलीच राहिली, किंवा भेंडोळं करून सिमेंटच्या गोणीमागं टाकलं, तर आतल्या वेढ्यांची उष्णता कुठं जाणार? प्लास्टिक मऊ होतं, तारा एकमेकींना चिकटतात आणि मग ठिणगी. म्हणूनच कित्येक चांगल्या ड्रमवर दोन आकडे छापलेले असतात, गुंडाळलेला असताना इतके अँपिअर आणि पूर्ण सोडलेला असताना इतके. लांबी गरजेपेक्षा जास्त असली तरी ड्रम पूर्ण सोडायचा आणि उरलेली वायर नागमोडी पसरून ठेवायची.

वेल्डर तेवढ्याच ताकदीनं काम करतोय असं वाटलं तरी एका मर्यादेपलीकडं इन्व्हर्टरही हात टेकतो. आर्क मध्येच तुटतो, धातू नीट वितळून एकजीव होत नाही आणि वरून चकचकीत दिसणारा टाका आतून नुसता चिकटलेला राहतो. ग्राइंडर मारून रंग दिला की कोणाला कळतही नाही. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीच्या रेलिंगला हा टाका असेल तर विषय वायरीच्या पैशांचा राहत नाही.

"एमसीबी पडला नाही म्हणजे सगळं ओके"

हा समज फार पक्का आहे आणि चुकीचा आहे. एमसीबी भिंतीतल्या वायरिंगला सांभाळायला बसवलेला असतो, तुमच्या एक्स्टेन्शनची जाडी त्याला माहीत नसते. १६ अँपिअरचा एमसीबी १८ अँपिअरला एका तासात पडलाच पाहिजे असं बंधन नाही, उलट त्यानं टिकावं अशीच रचना असते. २३ अँपिअरला तो पडलाच पाहिजे, पण त्यालाही एक तासापर्यंतची मुभा आहे. मधल्या पट्ट्यात काहीही होऊ शकतं. आता दहा-बारा अँपिअरच्या लायकीची, एकची वायर अशा पॉइंटवर लावली आणि २० अँपिअर ओढले, तर वायर वितळेपर्यंत एमसीबी आरामात बसून राहील.

एमसीबी सारखा पडतो म्हणून १६ काढून ३२ चा टाकणं हा तर आगीला दिलेला आवतणाचा अक्षत-कुंकू झाला. पॉइंटला अडीचची वायर आलेली असेल तर भिंतीच्या आतली वायर जळेल, आणि ती हाताला गरमही लागणार नाही.

प्लगचंही तेच. घरातला तीन पिनांचा मोठा प्लग १६ अँपिअरचा असतो. त्याला सहाची वायर जोडली म्हणून तो ३२ चा होत नाही. बारा नंबर रॉडला तो बरा, दहा नंबरला थोडा वेळ खेचतो. त्यापुढचं काम करायचं असेल तर ३२ अँपिअरचा निळा इंडस्ट्रियल प्लग-सॉकेट आणि मीटरजवळून वेगळी लाइन, हे परवानाधारक वायरमनकडून करून घ्यावं लागतं. आणि प्लग नाही म्हणून वायरीची टोकं सोलून, सॉकेटमध्ये काडीपेटीच्या काड्यांनी दाबून बसवणं, हे आपल्याकडं इतकं नेहमीचं आहे की कोणाला त्यात वावगंच वाटत नाही. ढिला जोड बारीक वायरीपेक्षा लवकर पेटतो. खांबावरून आकडा टाकण्याबद्दल तर काय बोलायचं. विद्युत कायदा २००३ च्या कलम १३५ खाली ती चोरी आहेच, शिवाय तिथं तुमच्या आणि डीपीच्या मध्ये तुमच्या वायरीला वाचवेल असा एकही एमसीबी नसतो.

"अर्थिंग लावलंय की"

वेल्डरला विचारा, अर्थिंग आहे का? तो जॉबला लावलेला चिमटा दाखवेल. नावाचा घोटाळा इथं जिवावर बेततो. तो चिमटा वेल्डिंगचा करंट परत मशीनकडं नेण्यासाठी आहे. मशीनच्या पत्र्याच्या बॉडीत २३० व्होल्ट उतरले तर तुम्हाला वाचवणारं अर्थिंग वेगळं, ते एक्स्टेन्शनमधल्या तिसऱ्या, हिरव्या किंवा हिरव्या-पिवळ्या तारेतून येतं. टू कोर वायरीच्या एक्स्टेन्शनमध्ये ती तारच नसते. त्यामुळं केबल थ्री कोरच, आणि अर्थची तार बाकीच्या दोघींएवढीच जाड. पॉइंटच्या मागं ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असेल तर उत्तम.

चारची म्हणून घेतली, पण खरंच चारची आहे का?

ऑनलाइन आणि बाजारात स्वस्त मिळणाऱ्या बऱ्याच वायरी आतून अॅल्युमिनियम आणि वरून तांब्याचा मुलामा अशा असतात. विरोध तांब्याच्या जवळपास दीडपट. म्हणजे चारची म्हणून घेतली आणि काम पावणेतीनचं. तार ब्लेडनं खरवडली आणि आत पांढरं निघालं तर ओळखायचं. (कथिलाचा मुलामा दिलेली चांगली तार उलटी असते, बाहेर पांढरी आणि आत लाल.)

दुसरी युक्ती वजनाची. एक स्क्वेअर एमएमची एक मीटर तांब्याची तार जवळपास ९ ग्रॅम भरते. चारची थ्री कोर ३० मीटर म्हणजे नुसतं तांबंच ३ किलोच्या पुढं जायला हवं, वरचं प्लास्टिक वेगळं. अडीचची असेल तर २ किलोच्या आसपास. पूर्ण बंडलच दोन-अडीच किलो भरलं आणि त्यावर "४ स्क्वेअर एमएम" छापलेलं असलं, तर छापणाऱ्यानं थाप मारली आहे. तारा मोजायलाही हरकत नाही. चारच्या फ्लेक्सिबल वायरीवर बऱ्याचदा ५६/०.३ असं लिहिलेलं असतं, म्हणजे ०.३ एमएमच्या ५६ तारा. अडीचमध्ये ३६ आणि सहामध्ये ८४. पीव्हीसी केबलवर आयएस ६९४ आणि आयएसआयचा शिक्का बघायचा. साइटवर फरफटत न्यायची असेल, वर ठिणग्या पडणार असतील, तर रबरी केबल महाग पडली तरी जास्त टिकते.

लांब काय करायचं, भिंतीकडची वायर की रॉडकडची?

मशीन पॉइंटजवळ ठेवून होल्डरची केबलच लांब केली तर? रॉडकडं ११० अँपिअर जातात आणि व्होल्टेज असतं फक्त २४ च्या आसपास. तिथं पंचवीसची वेल्डिंग केबल होल्डर आणि चिमटा दोन्हींना ३० मीटर लावली तर ५ व्होल्ट वाटेतच जातात, म्हणजे एक पंचमांश. भिंतीच्या बाजूला चारच्या वायरीत ६ पडतात, पण ते २३० मधले. हिशोबानं बघितलं तर एक्स्टेन्शन लांब करणंच परवडतं, आणि ती वेल्डिंग केबलपेक्षा स्वस्तही पडते.

पण जमिनीवर लोळणाऱ्या त्या एक्स्टेन्शनमध्ये २३० व्होल्ट असतात. ओला स्लॅब, सळईची टोकं, पत्र्याची धार, वरून पडणारा गरम स्लॅग, आणि त्यावरून विटांची घमेली घेऊन जाणारी माणसं. त्यामुळं ओल्या जागी मशीन शक्य तितकं कोरड्यात, पॉइंटच्या जवळ ठेवून जाड वेल्डिंग केबल थोडी लांब करणं, दहा-बारा मीटरपर्यंत, मला जास्त शहाणपणाचं वाटतं. कोरड्या जागी आणि जास्त अंतराला एक्स्टेन्शन. ती सलग असावी, मध्ये चिकटपट्टीचा जोड नको. दोन एक्स्टेन्शन जोडायचीच वेळ आली तर त्यांचा प्लग-सॉकेट जमिनीवर न ठेवता दोरीनं खांबाला किंवा परातीला टांगायचा, म्हणजे पाण्यात राहणार नाही.

काम सुरू झाल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी मशीन थांबवायचं, पॉइंटवरचं बटण बंद करायचं आणि प्लग, सॉकेट नि वायर हातानं चाचपायची. वायर कोमट असेल तर चालेल. प्लग चटका देत असेल तर जोड ढिला आहे किंवा प्लग कमी पडतोय. वायर सगळीकडं सारखी गरम असेल तर ती बारीक आहे, पुढचा मोठा नंबर आणायचा. एकाच ठिकाणी गरम असेल तर तिथं आतल्या तारा तुटलेल्या आहेत. तेवढा तुकडा कापून एका टोकाला नवं सॉकेट आणि दुसऱ्या टोकाला नवा प्लग लावून दोन छोट्या एक्स्टेन्शन करून घ्यायच्या.